अर्जाआधी

बस. पंखा तुझ्याकडे फिरवतो.
फॉर्म भरायला पंधरा मिनिटं लागतात, यामिनी,
त्याच्या आधीचंच लांब असते.

नॉन-क्रिमीलेयर काढलं का? तारीख पाह्य,
एकतीस मार्चला मेलेला कागद तिथं चालत नाही.
फीचा खरा आकडा पहिल्या पानावर कधीच नसते.
हॉस्टेल वेगळं, मेस वेगळी,
मुलाखतीला घालायचा कोटही वेगळा,
तो गोंदियात भाड्यानं मिळते, बाह्या लांब निघतात.
अन् नोकरीच्या पगाराची सरासरी छापतात न,
ती आपल्या बोडीच्या खोलीसारखी:
कमरेइतकं पाणी आहे म्हणतात
अन् म्हैस बुडते.

आता हे.
व्यवस्थापन का शिकायचं आहे, पाचशे शब्दांत.
तू लिहून आणलेलं वाचलं मी.
"मला जागतिक नेतृत्व करायचे आहे."
मागच्या साली आमगावच्या पोराचंही हेच होतं,
तेव्हाही स्पेलिंग मीच सुधारलं होतं.

खोड ते.
राइस मिलच्या काट्यावर चार वर्षं बसली तू.
अठ्ठेचाळीस लिही, महिन्यांत विचारतात.
धानाच्या पोत्यामागे सातशे ग्रॅम जातात कुठं
हे वहीच्या मागच्या पानावर मांडून राहिली होती,
मिलचा काटा एका रकान्यात,
टेंभऱ्यांच्या दुकानातला दुसऱ्यात.
कोणी सांगितलं होतं का मांडायला?
नाही न. मग तेच लिही.

शिफारसपत्र मालकाचंच लागते.
सेठजी म्हणाले, तूच लिहून आण, मी सही मारतो.
मारली. मजकूर इंग्रजी, चष्मा घरी.
तिसऱ्या ओळीत आहे:
या मुलीनं आमच्या काट्यातली चूक शोधली,
जी अकरा वर्षं आमच्याच बाजूनं होती.
शिक्का तर केवढा ठळक उमटला.

हसू नको. स्कॅन सरळ येऊ दे.

एक विचारतो, फॉर्मात नाही ते.
तिथून शिकून आली तू,
अन् अशाच एखाद्या मिलच्या काचेच्या खोलीत
तुझ्याच हाताखाली आला तो काटा,
तर ते सातशे ग्रॅम…

राहू दे. सव्वाचारला लाइट जाते.
ओटीपी आला का? सांग.
हळू सांग बाप्पा,
एकेक अंक.