दोनशे रुपयांचं भूत

मालकाचा पोरगा पुण्यात शिकते,
म्हणे तिकडे ऑक्टोबर सरता सरता भुतांचा सण असते.
म्हणून मानोऱ्याच्या शारदा टॉकीजले पाटी लागली:
भूत बनून येईल त्याले तिकीट अर्धं.

पोट्टे तोंडाले पीठ थापून आले.
म्या युरियाच्या पोत्याले डोळे पाडले,
कुमरेची सुगंधा आईचा पेटीकोट डोक्यावरून घेऊन.

इंटरव्हलले लाईट घालवाचं ठरलं होतं,
ते त्याच्या आधीच गेले.
जनरेटर खोकलून राह्यला, तेवढ्यात
पडद्यामागून डोमा निघाला,
काळं घोंगडं, गालाले चुना.
बाल्कनीतून चप्पल आली,
कोणाचे तरी मुरमुरे सांडले,
अन् आम्ही असे बोंबललो
का दुसऱ्या दिवशी गळाच नव्हता.

साडेबाराले शो सुटला.
मोठे लोकं फटफट्या काढून गेले.
डोमा गेटपाशी चुना खरवडत,
दोनशेची नोट मुठीत.
हळूच म्हणे,
"पोट्टेहो, नाल्यापल्याड कोणी जाऊन राह्यलं काय?"

दोन्हीकडे पऱ्हाटी फुटलेली,
अंधारातही पांढरी.
पुढे पोतं, मांगं पेटीकोट, मधात डोमा.
भेला काय, कोणी कोणाले इचारलं नाही.

घर दिसलं तसं त्यानं घोंगडं ओढलं
अन् अजून एकदा भेववलं आम्हाले.
हे फुकट.