मागणी

एकतीस वर्षं मी मीटर वाचले,
चुनाभट्टी, टिळकनगर, कुर्ल्याची मागची अंगं.
जिन्याखालचे, मोरीशेजारचे, एक तर देव्हाऱ्यामागचा.
आकडा लिहायचा, माणसाकडे बघायचं नाही
ही आमची शिस्त.

आता बारकी हिलमची वही वाचतो.
चौकटीची, शाळेची. अक्षर तिच्या नातवाचं, सुकऱ्याचं.
वीजघराच्या खाली, नदीतल्या काळ्या दगडावर
आम्ही दोघांनी पट्टे मारलेत, लाल-पांढरे,
एकेक वितीचे.

"पाणी चढलं ६.४०. सहा पट्टे.
उतरलं ११.२०, एका दमात.
डबक्यांत राहिलेली पिल्लं : मळ्याची तीन ओंजळी.
शिंगटीची मोजली नाहीत, अंधार होता.
वाम एक. आजीनं सोडली."

सहा-चाळीसला इकडे काय होतं, मला पाठ आहे.
दिवे, मिक्सर, पाण्याची मोटर.
कुणीतरी एसी अठरावर आणतं
आणि घाटाखाली नदी
झोपेतून ओढल्यासारखी उठून उभी राहते.

सुनावणी वांद्र्याला, चौथा मजला.
बारकीच्या हातात बाटली, बाटलीत डबक्यातली पिल्लं.
गेटवरचा म्हणाला, पाणी आत नेता येणार नाही.
पाणी नाय, पुरावा हाय, ती म्हणाली.
तरी ठेवून घेतली त्यानं, टेबलाखाली, सावलीत.

साहेब सभ्य होते.
"मावशी, आम्ही मनानं पाणी सोडत नाही.
मागणी येते, तसं सोडतो."
"कोन मागतं?"

पंखा तेवढा बोलत होता.
मी हात वर केला. अर्धाच.
मी. म्हणजे, आम्ही.
दुसऱ्याच्या जाळ्यात ओळखीचा मासा दिसावा
तशी बारकी माझ्याकडे बघत राहिली.

मग ती बोलायला लागली ते थांबेचना.
पिल्लांच्या दिवसांत, वीस दिवस, आमी पाग टाकनार नाय,
खोइन लावनार नाय, सुरुंग तर नायच नाय.
खालच्या वाडीचा मंगळ्या ऐकत नाय, त्याचं मी बघते.
तुमी फक्त पानी हळू उतरवा.
आमाला पन पाय हायेत, पिल्लांना नायत.

इतिवृत्तात आलं :
प्रायोगिक तत्त्वावर, वीस दिवस, टप्प्याटप्प्यानं.
मासेमारांची वही ग्राह्य धरावी.
ग्राह्य म्हंजे?
पकडली, मी म्हणालो.
मग आता सोडू नका, म्हणाली.

गेटवर बाटलीचं झाकण उघडं होतं.
सातांतली चार हलत होती.
माझं माहेर वेसाव्याचं नाही, आईचं, पहारेकरी म्हणाला,
कुणी विचारलं नसताना.

सोसायटीत मी अर्ज दिला : मोटर दुपारी लावा.
कोटणीस हसले, एका मोटरीनं नदी हलते का हो?
मला माहीत नाही.
वहीत त्याला रकाना नाही.

काल रात्री सुकऱ्याचा फोन.
अकरा-वीस झाले, आजोबा. अजून दोन पट्टे पाणी हाय.
हळू उतरतंय.
आणि डबकी?
थांबा, बॅटरी मारतो...
पाण्याचा आवाज, बारकीचं कुणावर तरी ओरडणं,
बहुतेक मंगळ्यावर.
मग रेंज गेली.

तारखेपुढं मी पेन्सिलीनं
एक मोकळी चौकट ठेवली आहे.