रकाना क्रमांक एक

विद्यापीठाचं पत्र आलं:
मानव्यविद्या व्याख्यानमालेसाठी
विद्वानांची नावे सुचवावीत, पाच तारखेच्या आत,
सोबतच्या नमुन्यात, दोन प्रतींत.

विभागाच्या बैठकीत चहा आला, भजी आली
आणि दरसालची तीन नावं आली पुण्याहून,
आपली शाल आपणच पांघरून.
गव्हाणे सर म्हणाले, चौथं कशाला?
तेच टाका, तारखा तेवढ्या बदला.

मी नमुना घरी नेला.
नाव. पदनाम. प्रबंधाचा विषय. प्रकाशित ग्रंथ.
चारही रकान्यांतून मला दिसत राहिल्या
आमच्या सेलूच्या स्टेशनमागच्या आपा,
उर्दू शाळेतून निवृत्त,
ज्यांच्या ओट्यावर सकाळपासून माणसं बसतात
पिशवीत निजामाच्या काळचे कागद घेऊन,
घडीवर फाटलेले.
कुणाला जात शोधायची असते, कुणाला बांध.
आपा वाचून देतात ते शिकस्ता अक्षर,
फुंकर मारल्यावर पळालेल्या मुंग्यांसारखं.
पैसे घेत नाहीत. फार तर लिंबं.

मीही गेलो होतो, पणजोबांचं विक्रीखत घेऊन.
चतुःसीमा, साक्षीदार, सगळं धडाधडा वाचलं
अन् खालच्या एका अंगठ्यापाशी थांबल्या.
थांबल्या त्या थांबल्याच.
आत कुकरची तिसरी शिट्टी झाली.
मग म्हणाल्या, "सर, ये तुमची पणजी.
जौजे राणोजी. नाम नहीं बताया, लिखा है."
फळीवरची दोनशेपानी वही काढली,
गाव लिहिलं, फसली साल लिहिलं
आणि नावाच्या जागी एक आडवी रेघ.

वही चाळली मी. रेघाच रेघा.
बोरी, चारठाणा, वालूर, मानवत,
चारशे अकरा बाया,
प्रत्येकीचा अंगठा डावा की उजवा,
शाई फाकलेली की कोरडी.
एकीपुढे: बोटाला जखम असावी.
एकीपुढे: आधी पुसला, मग पुन्हा लावला. का?

असा 'का' माझ्या प्रबंधात
तीनशे बावन्न पानांत एकदाही नव्हता.

काल गेलो. म्हटलं, आपा, यंदा तुम्ही बोला.
"नक्को सर. माईकवर मेरा गला बैठता."
भिंग पदराला पुसत राहिल्या जरा वेळ.
"और उस रोज जिंतूरकी एक म्हातारी येणारे,
तीन एस्ट्या बदलके."
मी उठलो तशा हळूच म्हणाल्या,
"बोलनाच है तो इनमेंसे कोई बोलती तो..."

तरी रात्री लिहायला बसलोच.
पदनामापुढे लिहिलं: वाचक.
ग्रंथांपुढे: एक वही, चालू.
विषयही लिहिला, ओळ पुरली नाही.
मग वर आलो, रकाना क्रमांक एककडे,
अन् पेन थांबला.

आपा. पुढे काय?
दारावरच्या पाटीवर नवऱ्याचं नाव,
पेशकार, तहसील कार्यालय.
वीजबिलावर तेच. गल्लीला त्या आपा,
पोरांना बाई, मला वीस वर्षं आपा.
बायकोला विचारलं. तिलाही माहीत नव्हतं.

आज पाच तारीख.
ढगे मामा शिक्का घेऊन उभे:
सर, जावक करू का?
थांबा, म्हटलं, आणि गाडी काढली.

फाटक बंद होतं.
मालगाडी होती, लांबलचक,
डबे मोजत राहिलो.