पाटी

लॉगबुकात प्रवास धरत नाहीत.
ट्रॉम्बेच्या थांब्यावरचा पाऊण तास धरत नाहीत,
मुख्याध्यापकांच्या दाराशी बाकावर बसले असताना
शिपायाने दोनदा विचारलं, 'कुणाच्या पालक?'
तोही वेळ नाही.
धरतात ते फक्त मूल समोर असलेले तास
आणि त्यांखालची सही.
सहाशे हवेत. माझे दोनशे एकोणीस झालेत,
त्यातले सव्वाचार वादात आहेत.

खोली मिळालीय ती खेळसाहित्याची.
तुटक्या लेझमा, हवा गेलेले फुटबॉल
आणि पुठ्ठ्याचा एक सांगाडा,
त्याला मुलं 'बदली झालेले सर' म्हणतात.
'पास झालात की दारावर पाटी लावू तुमच्या नावाची,'
मुख्याध्यापक म्हणाले, किल्ली देताना.
टेबल डुगडुगायचं. त्याच्या पायाखाली
मी माझ्या प्रबंधाचा कच्चा खर्डा घातला.
पहिल्यांदाच कुणाच्या उपयोगी पडला तो.

चाचणीची पेटी दारूवाला मॅडमची, उसनी.
विकत घ्यायची तर आईची एक पाटली.
आत ठोकळे, चित्रं, स्टॉपवॉच
आणि कधी हसायचं नाही ते सांगणारी पुस्तिका.
'छान' म्हणायचं नाही. 'बरं' चालतं.
महिनाभर आरशासमोर उभी राहून
मी ज्यात काहीच नसेल असं 'बरं' म्हणायला शिकले.
जेवताना आईने विचारलं, आमटी कशी झालीय?
बरं, म्हटलं.
तिने वाटी उचलून नेली.

धनवी टपके, तिसरी ब.
बाईंनी कागदावर लिहून पाठवलंय :
'मंद. फळ्यावरचं उतरवत नाही. अंगाला वास येतो.'
एकाच शाईत, एका दमात.

ती चित्र उचलते, थेट नाकाशी नेते.
मी टिपते : वस्तू हुंगण्याची सवय?
मासा आणि कावळा, दोघांत सारखं काय?
ती पंख्याकडे बघते. पंखा बंद आहे.
अकरा सेकंद. पंधरा.
'दोगं पन आयच्या पाटीवर,' ती म्हणते.
'एक आत. एक वर.'

बरं, मी म्हणते.

पुस्तिकेत 'दोघं सजीव' याला दोन गुण,
'दोघांना डोळे असतात' याला एक.
पाटी पुस्तिकेत नाही.
मी शून्य लिहिलं.
इतकं वाटोळं शून्य
मी आजवर काढलं नव्हतं.

गुरुवारी कालिन्याला
मॅडम चष्मा कपाळावर सरकवून
माझी बेरीज तपासतात, वयाचे महिने पुन्हा मोजतात
(एक महिना चुकला होता,
एका महिन्याने मुलगी दुसऱ्या तक्त्यात जाते).
शून्यापाशी त्यांचं बोट थांबतं.
'बरोबर आहे. बदललं असतंस तर सही केली नसती.'
मग बोट खाली उतरतं, टिपणावर.
'हुंगते? कशावरून?'
मी सांगते, नाकाशी धरते म्हणून.
'आणि डोळे कुठे असतात, नाकापासून किती लांब?
कुणी तपासलेत?'

बाईंच्या कागदातला वास
माझ्या अक्षरात कधी शिरला,
कळलंच नाही मला.

मंगळवारी, पालिकेच्या दवाखान्याचा व्हरांडा.
रांग जिन्यापर्यंत. अडीच तास, न धरलेले.
धनवीची आई बाजार अर्धा टाकून आलीय.
'तू डाक्टर काय?'
नाही.
'मंग बाई?'
तेही नाही अजून.
ती माझ्याकडे जरा वेळ बघते,
पहाटे बर्फातला माल बघतात तसं.
आतून नाव पुकारलं जातं.
'धर गो जरा,' म्हणते, आणि लेकीचा हात धरून आत जाते.

पाटी माझ्या हातात. ओली, जड,
वर निळा प्लास्टिकचा कागद.
समोर कठड्यावर एक कावळा उतरतो,
मान तिरकी करून
आधी पाटी बघतो, मग मला.

बरं,
मी म्हणते.