दुसरा फ्रिज

एक फ्रिज आहे गाडीत, ओट्याखाली बसवलेला.
त्यात दूध, दही, माझे डोळ्यांत घालायचे थेंब,
आणि सावजी मटणाचा डबा,
ज्याच्या वासानं दही तीन दिवस रुसून बसतं.
तरी यांना दुसरा हवाय.
सुटा. उचलून झाडाखाली नेता येईल असा.

शाळेची जुनी व्हॅन कापून घर केलंय यांनी,
इतवारीतला पत्रा, मोमीनपुऱ्यातला फोम,
पडदे माझ्या दोन साड्यांचे, विचारून फक्त एकीचे.
आणि आता एप्रिलातल्या बारा वाजता
आम्ही सदरला केवलरामानीच्या दुकानात
चार फ्रिजांसमोर उभे,
मुलगी पाहायला आल्यासारखे.

पहिला हलका, निळा, स्वस्त.
"बाहेरच्यापेक्षा वीस डिग्री थंड," पोरगा सांगतो.
यांचे ओठ हलतात.
सेहेचाळीसातून वीस गेले, सव्वीस.
"बाप्पा, सव्वीस म्हणजे फ्रिज नाही,
सव्वीस म्हणजे आमचा दिवाळीतला माठ."
पोरगा हसतो.
केवलरामानी हसत नाही.
त्यानं तसे अकरा विकलेत या महिन्यात.

दुसरा कॉम्प्रेसरचा, उभ्या दाराचा.
मला आवडतो. वाकावं लागत नाही.
हे त्याच्या पोटाला कान लावतात.
वीज मंडळात तीस वर्षं मीटर तपासले,
भिंतीवर हात ठेवून सांगायचे
कोणाच्या घरात वीज कुठं गळते ते.
"किती खाते हा? रातभर चालला
तर सकाळी गाडी चालू होईन का?"
मग दार उघडतात, मिटतात, पुन्हा उघडतात.
"नाही. गारवा पाण्यासारखा असते.
दार उघडलं का पायावर सांडते.
पेटी पाहिजे. पेटीतला जागेवर रायते."

म्हणून तिसरा. पेटी. पस्तीस लिटर.
मी पिशवीतून टेप काढते.
ड्रायव्हरमागची जागा सतरा इंच,
पेटी साडेसोळा.
अर्धा इंच माझ्या नशिबाचा.
किंमत ऐकते आणि हळूच विचारते,
"घरी एक, गाडीत एक. अजून कायले?"
"बर्फाले," हे म्हणतात, माझ्याकडे न पाहता.

मला माहीत आहे तो बर्फ.
एकदाच सांगितला होता,
लग्नाच्या दुसऱ्या उन्हाळ्यात, लाइट गेले तेव्हा.
दहा वर्षांचा पोरगा, मोठ्या माणसाची सायकल,
सीटवर बसलं की पाय पोचायचे नाहीत,
म्हणून दांडीखालून पाय घालून चालवायचा.
कॅरियरवर लादी, भुसा, वर ओलं पोतं.
कारखान्यातून निघताना वीस किलो,
गोळेवाल्याच्या ठेल्यावर तेरा.
सातचे पैसे कापून उरलेले हातावर.
मागं डांबरावर एक ओली रेघ,
वळून पाहीपर्यंत तीही वाळलेली.
"म्या काही खाल्ला नव्हता बर्फ," म्हणाले होते अंधारात,
मी आरोप केल्यासारखे.

"काय ठेवणार साहेब यात?" केवलरामानी विचारतो,
डोळा किंचित बारीक करून. "थंडी बिअर?"
"संत्र्याचा रस," हे म्हणतात.
आणि सही करताना हात कापतो थोडा,
वयानं असेल.

खिंडसीच्या काठी, मेच्या दुसऱ्या शनिवारी,
दुपारी दोनला, पळसाच्या अर्ध्या सावलीत
यांनी झाकण उघडलं.
रस नव्हता. काहीच नव्हतं,
स्टीलच्या डब्यात गोठवलेलं पाणी सोडून.
घरचा भाजीचा काटा आणला होता,
टॉवेलात गुंडाळून, मला न सांगता.
चार किलो दोनशे.
खिशातून चिठ्ठी काढली, घरून निघतानाची.
चार किलो दोनशे.
पुन्हा तोलला.
माशी बसली काट्यावर, तिला हाकललं,
तिसऱ्यांदा तोलला.

मी काही बोलले नाही.
तलावावरून गरम वारा आला, पडदा हलला,
न विचारलेल्या साडीचा.
मग हे म्हणाले,
"तुह्यं दही आण. यात ठेव.
मटणाच्या बाजूनं कायले ठेवतं?"