फक्की

माझं काम फक्कीचं. दोरी ताणायची,
डबा हलवत उलटं उलटं चालायचं.
यंदा पोती जास्त लागली.

माघात मतदान. शाळेच्या फाटकापासून
शंभर मीटरवर साहेब म्हणाले, इथे ओढा.
ओढली. रेघेपलीकडे दोन्ही झेंड्यांची पोरं
एकाच गाडीवर भेळ खात होती,
तिखट कमी म्हणून भेळवाल्याशी भांडत.

मग मंडईत कुणी कुणाचा बॅनर फाडला;
नऊ जण नऊ नावं सांगतात.
दूध बाजारात चार दिवस दूध नाही.
मैदानात पोलिसांच्या गाड्या,
माझ्या निदान रेषेवर टायरचे वळ.

आमचा चढाईचा गडी मुनीर,
उजव्या कोपऱ्यात दशरथ गांगुर्डे.
साखळी धरायची तर हातात हात द्यावा लागतो.
त्या पावसाळ्यात दोघं मनगट धरायचे,
पंजा नाही.
रेघ मारणारा खाली बघतो,
त्याला हे दिसतं.

कार्तिकात सिन्नरला अंतिम सामना.
शेवटची चढाई. तीन जण मुनीरच्या अंगावर,
दम संपत आलेला,
बोटं रेघेच्या वीतभर अलीकडे.
मागून दशरथ बोंबलला, "मुन्या, हात टाक!"

एका गुणाने गेलो.

परतीच्या टेम्पोत दोघं शिंदे-पळशापर्यंत भांडले.
बोनस का नाही घेतलास,
तू टाच का सोडलीस,
आई-बापासकट.
इतकं स्वच्छ भांडण
वर्षभरात ऐकलं नव्हतं.
मी पोत्यावर डोकं टेकून झोपेचं सोंग घेतलं.

पोत्यात थोडी उरली आहे.
जिल्हा परिषद अजून व्हायची आहे.