अकरा वाजता गिऱ्हाईक

साडेनऊला किल्ली फिरवली.
स्टार्टर फिरतोय, दिवे लागताहेत,
इंजिन मात्र ढिम्म.
बाहेर केस्विकचं धुकं, कुंपणाला टेकलेल्या ओल्या मेंढ्या,
आणि अकरा वाजता कार्लाइलहून गिऱ्हाईक येणार.

तीन वर्षांनी मी नेव्हिलला फोन लावला.

कशी आहेस, असं त्यानं विचारलं नाही.
म्हणाला, किल्ली अर्धी फिरव आणि गप्प राहा.
मागून टिकटिक येते?
येते. आधी भराभर, मग दमल्यासारखी.
म्हणजे पेट्रोल पोचतंय. पंपाचा दोष नाही.
जणू मी पंपावर आळ घेतला होता.

एकाहत्तर सालची एमजीबी. हिरवी.
दोनच माणसांची गाडी.
तिसरं कुणी नव्हतं म्हणून ती घेतली,
की ती घेतली म्हणून तिसरं कुणी आलं नाही,
यावर आम्ही कधी भांडलो नाही.
भांडलो ते पान्यांवरून.

प्लगचा पाना डाव्या खणात असेल, तो म्हणाला.
डाव्या खणातच होता. मी हलवला नव्हता.
हे त्याला सांगितलं नाही.
प्लग निघाला काळा, ओला.
आता लोखंडाला टेकवून धर,
आणि कुणाला तरी किल्ली फिरवायला सांग.

कुणाला सांगणार?
इतक्यात गिऱ्हाईकच आलं, अर्धा तास आधी.
मिस्टर थ्वेट, दातांचे डॉक्टर,
हातात खास आजच्यासाठी घेतलेले चामड्याचे मोजे.
त्यांना बसवलं. फिरवा, म्हटलं.
ठिणगी नाही.
पुन्हा.
नाही.

मग डिस्ट्रिब्युटरचं टोपण उघडलं. आत दव.
ताटं पुसायच्या फडक्यानं पुसलं.
पॉइंट्स घासले माझ्या नखांच्या कानशीनं.
हलक्या हातानं, नेव्हिल म्हणाला, जशी तू
आणि थांबला.
कॉइलची वायर बघितली. अर्थिंग बघितलं.
चाळीस मिनिटं झाली.
ॲबर्डीनला पाऊस आहे हे कळलं,
त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं हेही,
आणि तो आता चहात साखर घेत नाही.

मग अगदी सहज म्हणाला,
काल तू ॲशट्रे पुसलास का?

पुसला होता. त्याच्या पेपरमिंटचे कागद निघाले होते, ओंजळभर.
त्याच्या मागे हात घाल. एक बटण आहे, हरभऱ्याएवढं.
सत्त्याऐंशी साली बसवलं होतं, चोरांच्या भीतीनं.
ते वर असलं की ठिणगी पडतच नाही.

इतकी वर्षं माझ्या गुडघ्यापासून वीतभर लांब.
तुला पहिल्यापासून माहीत होतं?
आत्ताच आठवलं, तो म्हणाला.
खोटं बोलण्याआधी त्याला श्वास घ्यावा लागतो.
त्यानं घेतला.

प्लग बसवला, बटण खाली केलं.
मिस्टर थ्वेटनी किल्ली फिरवली
आणि गाडी शिंकली, अडखळली, मग एका दमात घुमू लागली.
मेंढ्या उधळल्या.
मी फोन बॉनेटवर धरून उभी राहिले.
किती वेळ, ते सांगत नाही.
चोक हळूहळू आत घे, एवढंच तो म्हणाला.

काय झालं होतं? मोजे काढून पैसे मोजता मोजता मिस्टर थ्वेटनी विचारलं.
पॉइंट्समध्ये कचरा, मी म्हटलं,
आणि ॲशट्रे तळव्यानं आत दाबला.
पुढेमागे बंद पडली,
तर फोन करा.